ब्लेडच्या डबीतली गोळी

"टकल्या कारागिराकडे केस कापू नयेत आणि हडकुळ्या आचाऱ्याच्या हातचं जेवू नये," असं मास्तर म्हणत. मास्तरांना शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नव्हता, तरी ते रोज सकाळी झुलपेदादांच्या सलूनमध्ये येत, बाकाची कडेची जागा धरत आणि पेपर वाचता वाचता असली वचनं फेकत. बाकावरची मंडळी हसत. सगळ्यांत मोठ्यानं दादा हसत. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

झुलपेदादा हे त्यांचं खरं नाव नव्हे. तरुणपणी त्यांच्या कपाळावर एक दाट झुलूप यायचं आणि ते दर दोन मिनिटांनी मनगटानं मागे सारायची त्यांना सवय होती. लोकांनी नाव ठेवलं, त्यांनी ते दुकानाच्या पाटीवर रंगवून टाकलं. खुर्च्या दोन, समोर भिंतभर आरसा, मागे भिंतभर आरसा, आणि खिडकीत चपट्या बाटल्यांची रांग. बाटल्यांत वडिलांच्या काळापासूनचं काळपट तेल. दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक बसायच्या आधी दादा त्या तेलाचे चार थेंब तळव्यावर घेत आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या डोक्याला चोळत. जाहिरात म्हणाल तर तेवढीच. पण त्या झुलपाकडे बघून लोक बाटल्या नेत.

आता दुसऱ्या कुणाला टक्कल पडायला लागलं तर ते आधी बायकोला दिसतं, मग शेजाऱ्यांना, आणि सगळ्यांत शेवटी त्याला स्वतःला. दादांच्या नशिबी तेवढंही सुख नव्हतं. मागच्या आरशातली टाळू पुढच्या आरशात दिसायची. पस्तिशी उलटल्यावर तिथे एक रुपयाएवढा फिकट ठिपका आला. मग कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकायला लागले. दादा केस वळवून झाकायला लागले, मग पंखा बंद ठेवायला लागले. उकाड्यात गिऱ्हाइकं घामानं निथळायची आणि दादा म्हणायचे, "कापलेले केस उडतात हो, डोळ्यात जातात."

तेलाचा खप कमी झाला. तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त वायरमन म्हणून एक तिशीचा पोरगेला माणूस होता, गल्लीतल्या निम्म्या घरांचे दिवे त्याच्या हातचे, त्यानं एकदा बाटली हातात घेऊन निरागसपणे विचारलं, "दादा, हल्ली तुम्ही दुसरं तेल लावता का?" त्याचेही केस विरळ होत चालले होते, म्हणून बिचाऱ्यानं विचारलं. दादांना मात्र भर दुकानात कुणी टोपी उडवल्यासारखं झालं.

त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी दादा दोन बस बदलून, जिथे आपल्याला काळं कुत्रं ओळखणार नाही अशा भागात, एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बायकोला सांगितलं, कात्र्यांना धार लावून आणतो.

बाई बोलायला मोकळ्या होत्या. भिंगातून टाळू बघून म्हणाल्या, "पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं. शरीर त्यातलं थोडं बदलून त्याहून जहाल असं दुसरं हार्मोन बनवतं, डीएचटी म्हणतात त्याला. काही जणांच्या कपाळावरच्या आणि टाळूवरच्या मुळांना ते सोसत नाही. आईबापाकडून आलेलं असतं ते. मुळं आक्रसत जातात, दर खेपेला येणारा केस आधीपेक्षा बारीक येतो, आणि एक दिवस येतच नाही. कानामागच्या आणि मानेवरच्या मुळांना मात्र त्याचं काही वाटत नाही."

हे शेवटचं दादांना चांगलंच ठाऊक होतं. मास्तरांच्या मानेवर दर पंधरवड्याला वस्तरा तेच फिरवत होते.

"ही गोळी तो बदल अडवते," बाई म्हणाल्या. "जहाल माल तयारच कमी होतो आणि मुळांना उसंत मिळते. गळती थांबते, बऱ्याच जणांचे थोडेफार केस परतही येतात. पण निदान सहा महिने धीर धरायचा. सुरुवातीला उलट जास्त गळतील, घाबरायचं नाही. गोळी सोडलीत की मिळवलेलंही जाईल. आणि जिथे पार गुळगुळीत झालंय तिथे काही उगवणार नाही, हे आधीच सांगते."

दादांनी खाली बघून विचारलं, "हार्मोन अडवायचं म्हणजे... माणूस बाईसारखा..."

"नाही हो! मिशी जिथल्या तिथे राहील. थोड्या जणांची इच्छा कमी होते, कुणाचं मन उदास होतं. तसं वाटलं तर लाजू नका, लगेच या. आणि दोन गोष्टी गाठ मारून ठेवा. फुटलेल्या गोळीला गरोदर बाईचा हात लागू द्यायचा नाही. पोटात मुलगा असेल तर त्याच्या लघवीच्या जागेची घडण बिघडू शकते. आणि त्याच कारणानं रक्त द्यायचं नाही. तुमचं रक्त कुठल्या बाईला चढेल, सांगता येतं का? गोळी बंद करून महिना उलटला की मग द्या."

दादांनी मान हलवली. त्यांच्या सलूनच्या भिंतीवर रक्तदानाची प्रशस्तिपत्रकं चौकटीत घालून ओळीनं लावलेली होती, हे त्यांनी बाईंना सांगितलं नाही. त्यांचं रक्त ओ निगेटिव्ह, सहसा न मिळणारं. रक्तपेढीतून फोन आला की दादा अर्धी कापलेली डोकी तशीच सोडून जायचे आणि गिऱ्हाइकं कौतुकानं वाट बघत बसायची. आयुष्यात दादांनी दोनच गोष्टींचा तोरा मिरवला होता, एक झुलपाचा आणि एक रक्ताचा. आता एक राखायची तर दुसरी सोडायला हवी होती.

गोळ्या दुकानातल्या खणात, ब्लेडच्या रिकाम्या डबीत गेल्या. बायको त्या खणाला हात लावत नसे, बोट कापेल म्हणून. गोळीची जेवढी लाज वाटायला हवी होती त्याच्या शंभरपट त्यांना वाटायची. वस्तरा चालवणारा बाप्या माणूस आणि पुरुषी हार्मोन अडवायची गोळी खातो! बाकावरच्या मंडळींना कळलं तर ती बिनपाण्यानं हजामत करतील, मास्तर तर रोज एक नवीन वचन काढतील. रात्री बायकोकडे पाठ करून झोपताना आपली इच्छा कमी झालीय की काय, हे ते स्वतःलाच तपासत बसायचे. झाली नव्हती. कमी झाली होती ती फक्त झोप.

गोळीनं आपलं काम चोख केलं. आधी केस जास्त गळले, मग थांबले, आणि वर्षभरात टाळूवरचा ठिपका मिटत आला. झुलूप काही पहिल्यासारखं नव्हतं, पण मनगटानं मागे सारण्याइतकं होतं. पंखा सुरू झाला. "तेलानं कमाल केली हो!" असं आधी मास्तर म्हणाले आणि मग सगळे म्हणाले. दादा एवढंच म्हणाले, "नियमित लावायला हवं." यात खोटा शब्द एकही नव्हता, आणि खराही नव्हता. बाटल्या भराभर गेल्या. वायरमनानं एकदम दोन नेल्या, वर म्हणाला, "बायको म्हणते, बाळ यायच्या आत बाबाचे केस यायला पाहिजेत." दादांनी त्या बाटल्या कागदात गुंडाळून दिल्या तेव्हा त्यांना त्याच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. माणसं केसानं गळा कापतात म्हणतात, ते असं.

रक्तपेढीतून मधल्या काळात दोनदा फोन आले. दोन्ही वेळा दादांनी बायकोला फोन घ्यायला लावलं. एकदा ताप, एकदा दाढदुखी. तिनं खरं समजून सांगितलं आणि वर काळजीनं गरम पाण्याच्या गुळण्याही करायला लावल्या.

मग ती सकाळ आली. वायरमन खुर्चीत होता, उजवा गाल साफ झालेला, डाव्या गालावर फेस. त्याचा फोन वाजला. ऐकता ऐकता तो उभाच राहिला, गळ्यातलं कापड तसंच. त्याच्या बायकोला चौथा महिना होता. सकाळपासून रक्त जात होतं, सासूनं तिला इस्पितळात नेलं होतं, आणि रक्त तातडीनं हवं होतं. गट तोच, ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत होती ती एकच पिशवी लावून झाली होती.

त्यानं फोन खाली घेतला आणि तो भिंतीवरच्या चौकटींकडे बघायला लागला. सगळं दुकानच तिकडे बघायला लागलं.

"दादा," तो म्हणाला, "तुम्ही आहात म्हणून... चला ना."

दादा हातातला वस्तरा नुसता पुसत राहिले. मास्तर पेपर टाकून उठले, "अरे, बघत काय उभे राहिलात? चला!" सलूनच्या मागेच घर, आवाज ऐकून बायकोही पदराला हात पुसत बाहेर आली. वायरमनाच्या बायकोशी तिची चांगली गट्टी होती. सगळे एका रिक्षात कोंबून निघाले. वाटेत वायरमन दादांचा हात धरून बसला होता. त्याचा हात ओला होता, दादांचाही.

रिक्षा थांबेपर्यंत सांगावं, असं दादा मनाशी म्हणत होते. जिना चढताना तेच म्हणत होते. पण डाव्या अंगाला बायको, उजव्या अंगाला वायरमन आणि मागे मास्तर. रक्तपेढीतल्या बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काही आजार? काही औषधं चालू आहेत?"

"नाही," दादा म्हणाले. इतकं हळू म्हणाले की बाईंनी मान वर करून परत विचारलं, तेव्हा त्यांनी नुसतं डोकं हलवलं.

मसुराएवढी गोळी, एवढ्या रक्तात ती कुठे सापडणार आहे, असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. झाकली मूठ सव्वा लाखाची. सुई टोचली, पिशवी हळूहळू भरली. बाई पिशवी घेऊन आत गेल्या. "तपासण्या आणि जुळणी व्हायला तासभर तरी जाईल," त्या म्हणाल्या.

दादांना बाहेरच्या बाकावर बसवून हातात बिस्किटं दिली. वायरमन त्यांच्या पायाशी बसला आणि त्यानं फोन लावला. "ऐक, आता नको येऊस. हो, परत फीर. दादांनी दिलं रक्त, मिळालं." फोन ठेवून तो हसला. "मेहुणा होता माझा. त्याचाही तोच गट. कामावरून निघाला होता बिचारा, अर्ध्या वाटेत होता. म्हटलं कशाला त्याचा खाडा. दादा, मुलगा झाला ना, तर त्याचे पहिले केस तुम्हीच कापायचे."

दादांनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं. मुलगा झाला तर. डॉक्टरीणबाईंचा आवाज त्यांच्या कानात जसाच्या तसा वाजला. बायको म्हणाली, "पाणी घ्या, घेरी येतेय का?" ते उठले आणि रक्तपेढीच्या खिडकीशी गेले. जाड काच, खाली हात जाईल एवढी फट, आत यंत्रांची घरघर.

"बाई," दादा कुजबुजले, "ती पिशवी देऊ नका."

"काय म्हणता?"

"मी गोळी घेतो. एक गोळी."

"ऐकू येत नाहीये! मोठ्यानं बोला!"

आयुष्यात ज्या गोष्टीवर त्यांनी वस्तऱ्याच्या पात्यासारखं म्यान घातलं होतं, ती आता ओरडून सांगायची वेळ आली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. जमीन काही दुभंगली नाही, इस्पितळाची फरशी होती ती. मग दादा काचेला तोंड लावून ओरडले, "मी केस जाऊ नयेत म्हणून गोळी घेतो! हार्मोन अडवणारी! रोज! ते रक्त गरोदर बाईला चालत नाही!"

ओळीनं बसलेली सगळी माणसं वळून बघायला लागली.

बाई बाहेरच आल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

दादांनी मघासारखंच नुसतं डोकं हलवलं.

"इतकी वर्षं रक्त देताय तुम्ही! एका पिशवीनं काय होईल ते कुणीच छातीठोकपणे सांगणार नाही, म्हणून तर आम्ही विचारतो. गोळीत काही पाप नाही हो, हजारो माणसं घेतात. आल्या आल्या बोलला असतात तर दुसरा माणूस एव्हाना इथे असता." त्या पिशवी बाजूला काढायला आत पळाल्या.

वायरमनाच्या डाव्या गालावरचा फेस वाळून पांढरा झाला होता. तो मेहुण्याला फोन लावत होता. मेहुणा उचलत नव्हता. लावला, नाही उचलला. परत लावला. दादा ते बघत उभे होते. त्यानं शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर दादांनी गाल पुढे केला असता. ज्यांना प्रत्येक गोष्टीवर वचन सुचायचं ते मास्तर खाली मान घालून चपलेचा अंगठा चाचपत होते. त्यांचं ते गप्प बसणं दादांना सगळ्यांत जास्त लागलं.

शेवटी मेहुण्याचाच उलटा फोन आला. गर्दीच्या बसमध्ये त्याला रिंग ऐकू आली नव्हती. तो धावत आला, त्याचं रक्त घेतलं, परत तपासण्या, परत तो तास. आत ती पोरगी पांढरीफटक पडून होती. तिची सासू दारात आली की सगळ्यांकडे बघायची आणि दादांकडे बघायची नाही.

दुपार कलताना डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, रक्त थांबलंय, आई-बाळ दोघंही आहेत. वायरमन भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. दादांनाही रडू येत होतं, पण इथे रडायचा आपल्याला हक्क नाही असं वाटून ते जिन्याकडे गेले.

घरी जाताना बायको म्हणाली, "गोळी खाल्लीत त्याचं मला काही नाही. टक्कल पडलं असतं तरी मी कुठे सोडून जाणार होते? पण ताप आलाय, दाढ दुखतेय, हे तुम्ही माझ्या तोंडून वदवलंत. ती माणसं माझं खरं मानत होती."

"चुकलो," दादा म्हणाले.

"मला काय सांगता!" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दादांनी खिडकीतल्या बाटल्या उतरवल्या. भिंतीवरच्या चौकटीही उतरवल्या, तिथे रंगाचे उजळ चौकोन राहिले. रागाच्या भरात त्यांनी गोळ्यांची डबीही केराच्या टोपलीत टाकली होती. बायकोनं ती उचलून आणली आणि आरशासमोर, कंगव्यांच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. "गोळीवर कशाला राग काढता? तिनं तर तिचं काम केलं." दादा ती तिथूनच घ्यायला लागले, सकाळी, पहिल्या गिऱ्हाइकादेखत, जिथे पूर्वी तेल चोळायचे तिथेच उभं राहून.

गिऱ्हाइकं काही गेली, काही राहिली. मास्तर आठवडाभर आले नाहीत. मग आले, जागेवर बसले आणि पेपर उघडला. टक्कल हा विषय त्यांनी परत काढला नाही. दादांना वाटायचं, काढावा. माणूस एकदा तुमची थट्टा करायचा थांबला की समजावं, त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडालाय. वायरमन तर समोरच्या फुटपाथवरच्या सलूनमध्ये जायला लागला होता. जाता येता दिसायचा. दादा हातातलं काम थांबवून बघायचे, तो बघायचा नाही.

त्याला मुलगा झाल्याचं दादांना मास्तरांकडून कळलं. धडधाकट आहे म्हणाले.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, दुकान भरलेलं असताना, वायरमन आत आला आणि रिकाम्या खुर्चीत बसला. बाकावरची कुजबुज थांबली. दादांनी त्याच्या गळ्याला कापड बांधलं, फेस लावला. आधी डावा गाल केला. दाढी झाली. वायरमन उठेना. त्यानं आरशातून बाकाकडे एक नजर टाकली, मग दादांची बाही ओढून त्यांना खाली वाकवलं.

"दादा," तो कानात म्हणाला, "त्या गोळीचं नाव काय? बायकोला नाही सांगितलंय मी. तुमच्या-माझ्यात राहू दे."

दादा ताठ उभे राहिले. त्याच्या डोक्यावरून मागच्या आरशातली स्वतःची टाळू त्यांना दिसत होती.

"फिनास्टेराइड," ते म्हणाले. दुकानाच्या दारापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. "पण नुसतं नाव घेऊन दुकानातून आणायची नाही. डॉक्टरला डोकं दाखवायचं. घरात तान्हं मूल आहे, बायको आहे, उद्या परत दिवस राहतील, ते सगळं त्यांच्या कानावर घालायचं. आणि जाताना बायकोला बरोबर न्यायचं."

वायरमन कानशिलापर्यंत लाल झाला. "अहो दादा, हळू बोला ना!"

"हळूच बोललो होतो रे," दादा म्हणाले, "त्या दिवशी. त्या बाईंनी विचारलं तेव्हा."

दादांनी त्याच्या गळ्यातलं कापड सोडलं, झटकलं आणि घडी घालायला लागले. घडी काही केल्या नीट बसेना.